धुक्यात गुहागरच्या किनाऱ्यावर काय पाहावे, काय ऐकावे?

प्रश्न
डिसेंबरअखेर आम्ही कुटुंबासह गुहागरला जात आहोत. मागच्या खेपेस पहाटे इतके दाट धुके होते की सुरूच्या बनातून बाहेर आल्यावरही समुद्र दिसेना आणि आम्ही तसेच परतलो. पुन्हा तसे झाल्यास लक्ष कशाकडे द्यावे? शिवाय, न दिसणाऱ्या होडीच्या इंजिनाचा आवाज अगदी शेजारून येतो आहे असे का वाटत होते?

प्रतिसाद १
हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन व तिच्यालगतची हवा गार होते, वरची हवा मात्र तुलनेने उबदार राहते. अशा वेळी वर जाणारा ध्वनी पुन्हा खाली वळतो आणि दूरवर ऐकू येतो. म्हणजे ही करामत धुक्याची नसून, ज्या गारव्याने धुके पडते त्याची आहे. त्यातच पहाटे मतलई वारे गावाकडून समुद्राकडे वाहत असल्याने व्याडेश्वराच्या देवळातील घंटा आणि कोंबड्याची बांग किनाऱ्यावर स्पष्ट पोहोचते.

प्रतिसाद २
दूरचे दिसत नसेल तर पायाखालचे पाहावे. मात्र ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या, कारण ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ओल्या वाळूवर एखाद्या बिळाभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या किरणांसारख्या पसरलेल्या दिसतील. इवलासा खेकडा वाळूतील सूक्ष्म अन्न खाऊन उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पावलांची चाहूल लागताच तो बिळात शिरतो, पण न हलता थांबलात तर पुन्हा वर येऊन कामाला लागतो. पुढच्या भरतीत ही सगळी नक्षी पुसली जाते.

प्रतिसाद ३
खेकडे रंजक आहेतच, परंतु मला पक्ष्यांच्या पाऊलखुणा अधिक बोलक्या वाटतात. चिखल्याच्या पावलात पुढची तीनच बोटे उमटतात, कावळ्याच्या पावलात मागचे लांब बोटही दिसते, तर कुरवाच्या बोटांमधील पडदा ओल्या वाळूत ओळखू येतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मुले बरोबर असल्याने दिशा चुकण्याची थोडी धास्ती वाटते.

प्रतिसाद १
किनारा जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण असल्याने लाटांच्या आवाजावर चालता येते. दक्षिणेकडे जाताना तो उजव्या कानाला व परतताना डाव्या कानाला राहू द्या, आणि बनातून जिथे बाहेर पडाल तिथली एखादी खूण लक्षात ठेवा.