बारमाही सायकल कशी निवडावी? नागपूरकरांचे अनुभव

त्रिमूर्तीनगर
नागपुरात बाराही महिने सायकलने कामावर जाणाऱ्यांनी आपली सायकल कशी निवडली आणि ती निवड पुढे कितपत योग्य ठरली, हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. पुढच्या चिमट्याला सस्पेन्शन, २१ गिअर आणि जाडजूड टायर पाहून मी दुकानातच भुललो. वास्तविक सेमिनरी हिल्सचा चढ आणि उड्डाणपूल वगळले तर आपले शहर बहुतांशी सपाट असल्याने त्यांतले तीन-चार गिअर वापरात आले, बाकीचे मी नुसते वाहून नेत होतो. मडगार्ड मात्र नव्हते. पावसाळ्यात सिव्हिल लाइन्सला पोहोचेपर्यंत शर्टाच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ उमटे, आणि ती पाहून आमचे शिपाईकाका काही न बोलता माझ्या खुर्चीवर जुने वर्तमानपत्र अंथरत.

दुसरी सायकल घेताना सस्पेन्शन टाळले, आणि पूर्ण लांबीचे मडगार्ड व कॅरिअर बसवण्यासाठी फ्रेमला भोके आहेत की नाहीत, हे दुकानात वाकून तपासले. टायर ७००×३५ मापाचे, म्हणजे ३५ मिलिमीटर रुंदीचे घेतले. सिमेंट रस्त्याची कड आणि बाजूचे गट्टू यांच्यात जी लांबच लांब फट राहते, तिच्यात याहून बारीक टायर शिरला की हँडल आपल्या हाती राहत नाही. माझा डावा कोपर याची साक्ष देईल.

महाल
माझ्याकडे वडिलांची काळी, २८ इंची, दांडीच्या ब्रेकची सायकल आहे. पूर्ण चेन कव्हरमुळे पायजम्याला कधी वंगण लागले नाही, आणि छर्रे, ब्रेकचे रबर, स्पोक यांपैकी काहीही बिघडले तरी ते बडकस चौकाच्या आसपास मिळते. तिचा दोष पावसात कळतो. पोलादी रिम ओली झाली की ब्रेक दाबल्यावर ती आधी विचार करते आणि मग थांबते. म्हणून पावसाळ्यात मी चौक दिसताच ब्रेक धरू लागतो. नव्याने घेणाऱ्याने ॲल्युमिनियमची रिम घ्यावी, हे मी माझ्या सायकलवर प्रेम असूनही सांगतो.

मानेवाडा
मी परिचारिका आहे, पाळ्यांमध्ये काम करते. माझी उंची पाच फूट आहे. दुकानदाराने “ताई, सीट खाली करून देतो, बसेल तुम्हाला” असे सांगून मोठ्या मापाची फ्रेम गळ्यात मारली. सीट खाली आली, पण हँडल होते तिथेच राहिले; त्यामुळे हात ताणून चालवावे लागे आणि महिन्याभरात मान व मनगटे दुखू लागली. सायकल निवडताना चाकाच्या मापाइतकेच फ्रेमचे माप पाहावे आणि निदान दोन चौक चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आता वाकडी दांडी असलेली लहान फ्रेम वापरते. कॅरिअरवर डबा आणि गणवेशाची पिशवी असताना मागून पाय टाकणे शक्यच नसते. रात्रपाळीसाठी मागचा लाल दिवा मी पाठीच्या पिशवीला न लावता कॅरिअरलाच पक्का बसवून घेतला, कारण रेनकोट चढवला की पिशवीचा दिवा झाकला जातो.

वर्धमाननगर
माझे काम हिंगणा एमआयडीसीत आहे. इतर दिवशी पूर्ण अंतर सायकलनेच कापतो, परंतु पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, विशेषतः नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सुमाराच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, की दुपारी परतताना लोकमान्यनगरहून मेट्रो धरतो. डब्यात सायकल नेता येते. त्यामुळे माझ्या निवडीत वजनाला सर्वांत जास्त महत्त्व होते: लिफ्टसमोर गर्दी असली की सायकल खांद्यावर घेऊन जिना चढावा लागतो, आणि तेव्हा बारा किलो व अठरा किलो यांतला फरक गुडघ्यांना चांगलाच समजतो. उन्हात उभ्या सायकलचे काळे सीट मात्र कोणत्याही किमतीचे असो, तव्यासारखेच तापते. मी त्यावर ओला दुपट्टा टाकून ठेवतो.

नंदनवन
एकच गोष्ट लिहितो, ती ट्यूबच्या व्हॉल्व्हविषयी. माझ्या सायकलला बारीक, लांब व्हॉल्व्ह आहे. बाभळीच्या काट्याने पंक्चर झाले तेव्हा रस्त्याकडेच्या कारागिराने ठिगळ उत्तम लावले, पण त्याच्या पंपाचे तोंड त्या व्हॉल्व्हवर बसेना, आणि दुरुस्त झालेली सायकल मी सक्करदऱ्यापासून घरापर्यंत ढकलत आणली. आता पंपाला जोडायची लहानशी पितळी टोपी किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवलेली असते.