सरासरी पगार पाहून पेशा निवडावा का?

वहीखाते (धागाकर्ता)

शाळा संपत आली की मुलं आणि पालक हमखास एक तक्ता शोधतात: डॉक्टरला इतके, वकिलाला तितके, शिक्षकाला अमुक, वायरमनला तमुक. आकडे वरून खाली लावले की निर्णय झाला. माझ्या मते हा तक्ता दिशाभूल करतो, आणि त्याच्या भरवशावर आयुष्यातली दहा वर्षं शिक्षणात घालणं धोक्याचं आहे.

पहिली अडचण सरासरीची. नऊ जण महिन्याला १० कमावतात आणि दहावा २१०, तर सरासरी ३० येते. प्रत्यक्षात तिसाच्या जवळपास कमावणारा त्या दहांत एकही नाही. गायन, अभिनय, खेळ यांत हे उघडच दिसतं. शर्विन रोझेन या अर्थतज्ज्ञाने १९८१ मध्ये त्याचं कारण मांडलं: ध्वनिमुद्रण आणि प्रक्षेपणामुळे एकच माणूस लाखो लोकांपर्यंत पोचतो, त्यामुळे थोडासा सरस असणाऱ्याकडे बहुतेक कमाई जाते. पण 'भरवशाच्या' पेशांतही हेच होतं. अमेरिकेत नव्या वकिलांच्या पगाराचा आलेख काढला की दोन उंचवटे दिसतात. एक बड्या फर्ममधल्यांचा, दुसरा बाकी सगळ्यांचा. सरासरी पडते मधल्या दरीत, जिथे फारसं कुणी नाही.

दुसरी अडचण काळाची. एक जण अठराव्या वर्षी वायरमनच्या कामाला लागतो, वर्षाला १ हिस्सा कमावतो (हिस्सा म्हणजे हिशोबासाठी धरलेलं एक माप). दुसरी तिसाव्या वर्षी तज्ज्ञ डॉक्टर होते आणि वर्षाला ३ हिस्से मिळवू लागते. तक्त्यात ती तिप्पट पुढे. पण त्या दिवशी त्याची एकूण कमाई १२ हिस्से झालेली असते आणि तिच्या डोक्यावर ४ हिस्स्यांचं शैक्षणिक कर्ज असतं (शिकतानाचं विद्यावेतन खर्चात गेलं असं धरलंय). हे १६ चं अंतर वर्षाला २ ने भरून यायला ८ वर्षं लागतात. म्हणजे बरोबरी अडतिसाव्या वर्षी, तीही व्याज न धरता. शिक्षण मध्येच सुटलं तर कर्ज राहतं आणि पदवी राहत नाही. तक्त्यात हे कुठेच नसतं.

स्पष्टवक्ती

असहमत. तुमचाच हिशोब पुढे नेते. अडतीस ते पासष्ट म्हणजे २७ वर्षं, वर्षाला २ हिस्से जास्त, म्हणजे ५४ हिस्से. वायरमनचा दर वाढून दीड झाला असं धरलं तरी डॉक्टर बरीच पुढे राहते. तुम्ही हिशोब नेमका बरोबरीच्या वर्षावर थांबवलात.

शिवाय अंगमेहनतीच्या कामात पन्नाशीनंतर गुडघे आणि खांदे बोलायला लागतात. डॉक्टरची किंमत तेव्हा अनुभवाने वाढलेली असते. ज्या घरात याआधी कुणी शिकलेलं नाही, तिथल्या मुलीला 'सरासरीवर जाऊ नकोस' असं सांगितलं की बहुतेक वेळा ती जवळचं, लवकर पैसे देणारं काम धरते. वर चढायची तिची वाट तिथेच बंद होते. म्हणून मला हा सल्ला घातक वाटतो.

पक्कड

मी स्वतः वायरिंगची कामं घेतो, म्हणून दोघांनाही थोडं सांगतो.

वहीखाते, पहिल्या दिवसापासून १ हिस्सा कुणी देत नाही. शिकाऊला पहिली चार वर्षं अर्ध्यावर धरा. तुमचे १२ तिथेच १० होतात. लोकांना वाटतं, तासाचा दर गुणिले दिवसाचे आठ तास म्हणजे आमची कमाई. ग्राहकाला दिसतो तो बोर्डापुढचा एक तास. आधी जागा बघायला जाणं, अंदाजपत्रक करणं, ते नाकारलं गेलं तर ती फेरी फुकट, सामान आणणं, काम झाल्यावर थकलेल्या पैशांसाठी चारदा फोन करणं, या कशाचंच बिल होत नाही. अर्धा दिवस बिनपगारी जातो.

स्पष्टवक्ती, गुडघ्यांचं खरं आहे. पण पन्नाशीला शिडीवर मी एकटाच चढणार असं थोडंच आहे? हाताखाली चार पोरं असली, कंत्राटं स्वतःच्या नावावर असली की मिळकत वेगळ्या पातळीवर जाते. पगाराच्या तक्त्यात सहसा नोकरीतला वायरमन मोजतात, त्याला कामावर ठेवणारा मोजत नाहीत. डॉक्टरच्या बाबतीतही पगारी डॉक्टर आणि स्वतःचं रुग्णालय असलेला एकाच ओळीत घालून चालेल का?

वकिली_सोडलेला

धाग्याशी सहमत. अर्थतज्ज्ञ अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये हेच लिहून ठेवलंय. चांभाराकडे मुलगा शिकायला ठेवला तर तो जोडे करायला शिकणार यात शंका नाही. कायदा शिकायला पाठवला तर त्यावर पोट भरण्याइतका तयार होणारा एक, तर न होणारे निदान वीस. त्याच्या मते वकिली ही सोडत आहे आणि तीही न्याय्य नाही, कारण जिंकणाऱ्या एकाला हरलेल्या विसांचं नुकसान भरून निघेल इतकं मिळत नाही. तरुण मात्र स्वतःच्या नशिबाबद्दल जास्तच आशावादी असतात, म्हणून गर्दी हटत नाही. माझ्याबरोबर सनद घेतलेले बरेच जण आज दुसरंच काही करतात. वकिलांच्या तक्त्यात ते मोजलेच जात नाहीत. तक्ता फक्त टिकलेल्यांचा असतो.

तिसरीपाळी

तुम्ही सगळे पगार जणू निसर्गाने ठरवला असावा तसं बोलताय. तो कोण ठरवतं, हे कुणीच विचारलं नाही.

त्याच स्मिथने असंही म्हटलंय की जे काम त्रासाचं, त्याला मोबदला जास्त. मी परिचारिका आहे. पहाटे चार वाजता एका हाताने सलाइन बदलायचं, दुसऱ्या खाटेवरच्या रुग्णाला कुशीवर वळवायचं, सहाला नोंदी पूर्ण करायच्या, आणि पुढच्या पाळीची ताई उशिरा आली तर तो वेळ कुठल्याच कागदावर येत नाही. इतक्या त्रासाला रात्रपाळीचा भत्ता मिळतो तो नावापुरता. कारण साधं आहे: परिसरात मोठं रुग्णालय एकच असेल तर मी नोकरी सोडून जाणार कुठे?

उलट, प्रवेश आवळून धरला की दर वाढतो. मिल्टन फ्रीडमन आणि सायमन कुझनेट्स या अर्थतज्ज्ञांनी १९४५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांची आणि दंतवैद्यांची मिळकत ताडून पाहिली. फरकाचा काही भाग जास्तीच्या शिक्षणाचा निघाला, पण उरलेल्याचं कारण त्यांनी डॉक्टरीतला प्रवेश मर्यादित ठेवण्यात शोधलं. तेव्हा तिप्पट पगार म्हणजे तिप्पट गुणवत्ता, असं कुणी मुलांना सांगू नका.

स्पष्टवक्ती

ताई, पटलं. त्यात एक भर घालते. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं एक निरीक्षण असं की काही पेशांत दुप्पट तास देणाऱ्याला दुपटीहून जास्त मिळतं, आणि मूल झाल्यावर घर सांभाळणारी बहुधा आईच तिथे मागे पडते. त्याउलट अमेरिकेतला औषधविक्रेत्यांचा पेशा. तिथे एकीचं काम दुसरी सहज पुढे नेऊ शकते, त्यामुळे कमी तास केल्याने तासाचा दर फारसा पडत नाही. मुलीला सल्ला देताना हे सांगायलाच हवं.

तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. ज्यांच्या ओळखीत ना डॉक्टर ना वकील, त्यांच्या हातात तो तक्ताच असतो. तो काढून घेऊन तुम्ही त्यांना काय देणार?

वहीखाते

हिशोब पासष्टपर्यंत न्यायला हवा होता, ही टीका मान्य. मात्र तो ती डॉक्टर झाली असं धरून आहे. दहा जणी सुरुवात करतात तेव्हा किती पोचतात, हे धरल्याशिवाय ५४ चा आकडा मी मान्य करणार नाही.

तक्ता काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्यात सरासरीऐवजी मधल्या माणसाची (कमाईप्रमाणे सगळ्यांना रांगेत उभं केलं तर मधोमध येणाऱ्याची) कमाई द्या, तळाच्या पाव भागातल्यांची द्या, पाचव्या आणि विसाव्या वर्षीची वेगळी द्या. वैमानिकाचंच घ्या: बऱ्याच विमान कंपन्यांत पगार ज्येष्ठतेवर चालतो, कंपनी बदलली की पुन्हा तळापासून सुरुवात, आणि वैद्यकीय तपासणीत नापास झालात तर उड्डाण बंद. एका आकड्यात हे कसं मावणार?

तिसरीपाळी

मधली कमाई द्या, पण सोबत तास आणि पाळ्याही द्या. महिन्याचा आकडा सारखा असलेल्या दोन नोकऱ्यांत एकीला आठवडी सुट्टी ठरलेली आणि दुसरीला नाही, तर ते दोन पगार सारखे नाहीत.

पक्कड

आणि ज्यांच्या ओळखीत कुणी नाही त्यांनी थेट कामावर जाऊन विचारावं. मालकाला नको, शिकाऊला विचारा: तुझ्याबरोबर किती जण लागले होते आणि आता किती उरलेत? माझ्याकडे येऊन विचारलं तर मी सांगेन.