‘भाष्य’ करणारं चित्र नेमकं काय करतं?

विचारणा

आधुनिक कलेवरच्या एका मराठी पुस्तिकेचं मुद्रितशोधन करतो आहे. विषय असा : गेल्या शंभर वर्षांतल्या कलाकृती आपल्या काळातलं राजकारण आणि समाज कशा दाखवतात, कशा तपासतात. मजकूर चांगला आहे, पण ४० पानांत ‘भाष्य’ हा शब्द १९ वेळा आलाय. हे चित्र युद्धावर भाष्य करतं, ते मांडणशिल्प विषमतेवर भाष्य करतं, अमुक छायाचित्र सत्तेवर भाष्य करतं. वाचता वाचता शब्द गुळगुळीत होऊन हातातून निसटतो.

‘टीका’ सुचवला तर लेखिका म्हणतात, तो भांडखोर वाटतो. ‘प्रतिबिंब’ म्हणावं तर चित्रकाराने स्वतःचं काहीच केलं नाही असं होतं. आरशाला कुठे मत असतं? जाणकारांनी मार्ग काढावा.

प्रतिसाद १

‘भाष्य’ हा शब्द मुळात सूत्राच्या सावलीत वाढलेला आहे. जुनी व्याख्या अशी की, सूत्राला धरून असलेल्या शब्दांत सूत्राचा अर्थ सांगायचा आणि सांगताना स्वतःचे शब्दही उलगडायचे, ते भाष्य. म्हणजे आधी समोरचं वचन प्रमाण मानायचं. भाष्यकार आपलं मत आत सरकवतो, नाही असं नाही, पण बसतो तो सूत्राच्या पायाशीच.

वर्तमानपत्रांनी या शब्दाचं आणखी एक केलं. ‘मंत्र्यांनी या विषयावर भाष्य करणं टाळलं.’ इथे भाष्य म्हणजे नुसतं तोंड उघडणं. तुमच्या पुस्तिकेत शब्द आलाय तो या दुसऱ्या वाटेने, आणि पहिल्या अर्थाचा भारदस्तपणा उसना घेऊन.

आता पिकासोचं ‘गेर्निका’ घ्या. स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू असताना, २६ एप्रिल १९३७ रोजी, जर्मन आणि इटालियन विमानांनी तिथल्या बास्क प्रांतातल्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकले. त्याच वर्षीच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने पिकासोकडून चित्र मागवलेलं होतंच. विषय हा मिळाला. जवळपास पावणेआठ मीटर रुंद कॅनव्हास, रंग काळा, पांढरा, करडा. त्यात विमान नाही, बॉम्ब नाही, कुणाचा झेंडा नाही, तारीख नाही. ज्याला आपण ‘संदर्भ’ म्हणतो तो सगळा चौकटीबाहेर. वर एक विजेचा दिवा तेवढा आहे. स्पॅनिशमध्ये बॉम्बला ‘बोम्बा’ आणि दिव्याला ‘बोम्बिया’ म्हणतात, म्हणून त्या दिव्याकडे बोट दाखवणारे बरेच आहेत. मला तो श्लेष थोडा ओढूनताणून वाटतो, पण शब्दांवर प्रेम करणाऱ्यांच्या बैठकीत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खरं पाहायचं ते जिभांकडे. डाव्या बाजूला मेलेलं मूल मांडीवर घेतलेली आई आहे, मधोमध घायाळ घोडा आहे. दोघांची तोंडं वर, उघडी, आणि दोघांच्याही जिभा सुऱ्यासारख्या टोकदार. आईच्या आणि जनावराच्या ओरडण्यात चित्रकाराने फरक ठेवलेला नाही. मराठीत याला नेमका शब्द आहे : हंबरडा. हंबरते ती गाय, हंबरडा फोडते ती बाई. ‘गेर्निका युद्धावर भाष्य करतं’ यापेक्षा ‘गेर्निका हंबरडा फोडतं’ हे मला जास्त खरं वाटतं. पुस्तिकेत चालेल की नाही, ते तुम्ही बघा.

प्रतिसाद २

हंबरडा पटला. पण ‘टीका’ शब्दाला इतकं बिचकायचं कारण कळलं नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीला ‘शके बाराशते बारोत्तरे, तैं टीका केली ज्ञानेश्वरे’ असं येतं. तिथे टीका म्हणजे गीतेला शिव्या आहेत का? उलगडून सांगणं म्हणजे टीका. पुढे कधीतरी उलगडून सांगणाऱ्याला दोषच जास्त दिसायला लागले असावेत, आणि शब्दाची नजर वाकडी झाली.

हे दोन्ही अर्थ एकाच कागदावर पाहायचे असतील तर जॉन हार्टफील्डकडे जा. हा जर्मनच, मूळ आडनाव हेर्झफेल्ड. पहिल्या महायुद्धात जर्मनीत इंग्रजद्वेष भडकला, त्याच्या निषेधात याने स्वतःचं नाव इंग्रजी करून घेतलं. फोटो कापून चिकटवायचे आणि साप्ताहिकात छापायचे, हे त्याचं काम. १९३५ मध्ये हिटलरचा मंत्री गोअरिंग हॅम्बुर्गच्या भाषणात अशा अर्थाचं बोलला की, पोलादाने राष्ट्र बळकट होतं, लोणी आणि चरबीने माणसं फार तर लठ्ठ होतात. हार्टफील्डने ते वाक्य अक्षरशः घेतलं. डिसेंबरच्या अंकात एक सुखवस्तू कुटुंब जेवायला बसलंय. ताटात लोखंड. कुणी सायकलचा भाग चावतंय, बाबागाडीतलं बाळ कुऱ्हाडीचं पातं चघळतंय, खाली कुत्रं एक भला मोठा नट चाटतंय. भिंतीच्या कागदावर स्वस्तिकांची नक्षी आणि शीर्षक : ‘हुर्रे, लोणी संपलं!’

यात हार्टफील्डने पदरचं काय घातलं? जवळजवळ काहीच नाही. गोअरिंगच्या वाक्याची त्याने शब्दशः टीका केली, ज्ञानेश्वरांच्या अर्थाने. ती आजच्या अर्थाने टीका झाली, हा दोष वाक्याचा.

प्रतिसाद ३ (पुन्हा प्रतिसाद १ वाला)

मान्य, ताई. माझी बाजू लंगडी होती. तुमच्या उदाहरणावरून एक अडगळीतला शब्द आठवला : वार्तिक. भाष्याच्या शेजारीच त्याची व्याख्या आहे. ‘उक्त, अनुक्त आणि दुरुक्त’ यांचा विचार जिथे होतो ते वार्तिक. जे म्हटलंय, जे म्हणायचं राहिलंय आणि जे चुकीचं म्हटलंय, असं तिन्ही. सूत्रकाराचा मान ठेवून त्याच्या चुका काढायची ही शास्त्रशुद्ध परवानगी!

आज ‘हे शिल्प समाजावर वार्तिक करतं’ असं लिहिलंत तर वाचक वार्ताहर शोधत बसेल. शब्द वापरू नकाच. पण प्रत्येक ‘भाष्या’पाशी थांबून स्वतःला विचारा : ही कलाकृती उक्ताशी झगडते आहे, दुरुक्ताशी, की अनुक्ताशी? लोण्याचं चित्र उघडच दुरुक्ताचं आहे. माझ्या मते सगळ्यात अवघड काम अनुक्ताचं, कारण जे कुणी बोललंच नाही ते दाखवायचं कसं?

२००८ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात भूकंप झाला. निकृष्ट बांधलेल्या शाळा कोसळल्या, मुलं आत गाडली गेली. मेलेल्या मुलांची नावं सरकार सांगेना, तेव्हा आय वेवे या चिनी कलावंताने स्वयंसेवकांना हाताशी धरून गावोगाव फिरून नावं गोळा केली, ५,००० च्या वर. पुढच्या वर्षी म्युनिकच्या ‘हाउस डेर कुन्स्ट’ या कलादालनाच्या दर्शनी भिंतीवर त्याने मुलांची ९,००० दप्तरं लावली. वेगवेगळ्या रंगांच्या दप्तरांतून मोठाली चिनी अक्षरं तयार झाली होती. वाक्य एका आईचं होतं : ती या जगात सात वर्षं आनंदाने राहिली. बस, इतकंच. त्यात सरकार हा शब्द नाही, दोष नाही, मागणी नाही. याला टीका म्हणा, काही म्हणा, पण भाष्य म्हणवत नाही. ‘नोंद’ म्हणेन मी. नोंद ठेवणं हे सरकारचं काम असतं, म्हणून ते दुसऱ्याने केलं की झोंबतं.

प्रतिसाद ४

त्या इमारतीबद्दल एक जोड. ती हिटलरच्या राजवटीने बांधली आणि १९३७ च्या जुलैमध्ये ‘जर्मन कले’च्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनाने उघडली. दुसऱ्या दिवशी म्युनिकमध्येच, तिथून जवळ, दुसरं प्रदर्शन लागलं : ‘एन्टआर्टेटे कुन्स्ट’. संग्रहालयांतून उचललेल्या सुमारे ६५० आधुनिक कलाकृती दाटीवाटीने लावलेल्या आणि भिंतींवर टवाळीची वाक्यं लिहिलेली. ग्रॉस, डिक्स, किर्शनर हे जर्मन चित्रकार, सगळे त्यात.

मराठीत त्याला ‘अधःपतित कला’ म्हणतात. मला हा अनुवाद नेहमी खटकतो. अधःपतित म्हणजे नीतीतून घसरलेला, दारूच्या गुत्त्यात सापडलेला. ‘एन्टआर्टेट’मधला ‘आर्ट’ म्हणजे कला नव्हे, (तिला जर्मनमध्ये कुन्स्ट), तर जात, वाण, प्रकार. वाणावरून उतरलेलं, बीज बिघडलेलं, असा तो शब्द. नीतीचा नाही, रक्ताचा. नीतीतून घसरलेला सुधारू शकतो. बीज बिघडलेलं उपटूनच टाकतात. अनुवादात हा फरक गेला की त्या प्रदर्शनाचा पुढच्या संहाराशी असलेला धागाच तुटतो. पुस्तिकेत ते प्रदर्शन असेल तर ‘वाण बिघडलेली कला’ असं कंसात तरी द्या.

विचारणा करणारा

आहे, आणि ‘अधःपतित’च आहे. बदलतो.

आणखी एक अडलंय. २००७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात कोलंबियाच्या शिल्पकार दोरिस साल्सेदोने ‘शिबोलेथ’ नावाचं काम केलं, त्याबद्दल लिहिलंय : ‘जमिनीतील ही दरी वर्णद्वेषावर भाष्य करते.’ दरी बरोबर आहे का?

प्रतिसाद ३ वाला

दरी अजिबात नको. ‘गरीब-श्रीमंतांमधली दरी’ लिहून लिहून तिच्यात आता कुणी पडत नाही.

काम काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. भल्या मोठ्या दालनाची काँक्रीटची जमीन, आणि तिच्यात १६७ मीटर लांब फट. एका टोकाला केसाएवढी, पुढे पाऊल अडकेल एवढी रुंद. वाकून आत पाहिलं तर काँक्रीटच्या कडांमध्ये तारेच्या कुंपणाची जाळी गाडलेली. मराठीत यासाठी तीन शब्द हाताशी आहेत. तडा अचानक जातो. भेग सावकाश पडते, टाचेला किंवा सुकलेल्या जमिनीला. चीर कुणीतरी पाडतं. आत कुंपणाची जाळी आहे म्हटल्यावर हे कुणाचं तरी हातचं काम आहे, म्हणून मी ‘चीर’ घेईन. प्रदर्शन संपल्यावर ती बुजवली, पण जमिनीवर खूण अजून दिसते. तिला मात्र ‘व्रण’.

आणि नावाची गोष्ट एका ओळीत द्याच, कारण ती शब्दाचीच गोष्ट आहे. बायबलमध्ये हरलेले एफ्राइमी लोक नदी ओलांडून पळू पाहतात. उतारावर पहारेकरी त्यांना ‘शिबोलेथ’ म्हणायला लावतात. त्यांच्या बोलीत ‘श’ नाही. जो ‘सिबोलेथ’ म्हणतो त्याला तिथेच मारतात. ४२,००० मारले, असं तिथे लिहिलंय. एका अक्षराने माणूस आपला की परका ते ठरतं. ‘न’ आणि ‘ण’वरून माणसाची किंमत करणाऱ्या आपल्याला हे फार लांबचं वाटू नये.

प्रतिसाद २

‘जाब विचारणं’ राहिलं की! १९७० मध्ये हान्स हाके या जर्मन कलावंताने न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात दोन पारदर्शक पेट्या ठेवल्या आणि वर प्रश्न लावला. गव्हर्नर रॉकफेलर यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या इंडोचायना धोरणाचा निषेध केलेला नाही, या कारणाने तुम्ही नोव्हेंबरमध्ये त्यांना मत नाकाराल का? इंडोचायना धोरण म्हणजे व्हिएतनामचं युद्ध. रॉकफेलर हे न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर आणि त्याच संग्रहालयाच्या विश्वस्तांपैकी. ‘होय’ची पेटी ‘नाही’च्या साधारण दुप्पट भरली. इथे कलावंत काहीच बोलत नाही, पेट्या भरत जातात आणि त्या बाहेरून दिसतात. याला भाष्य म्हणाल तर मतपेटीलाही भाष्यकार म्हणावं लागेल.

प्रतिसाद ४

‘पार्श्वभूमी’ शब्दही पुस्तिकेत असणारच. तो जपून वापरा. २००३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांत इराकवरच्या युद्धाची बाजू मांडायला आले, तेव्हा सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर लावलेल्या ‘गेर्निका’च्या विणलेल्या प्रतिकृतीवर निळा पडदा ओढलेला होता. कारण सांगितलं गेलं ते असं की, टीव्हीच्या कॅमेऱ्यांना साधी पार्श्वभूमी बरी पडते.

विचारणा करणारा

सर्वांचे आभार. लेखिकेशी काल तासभर बोललो. हंबरडा त्यांनी एका झटक्यात घेतला, चीर आणि व्रणही घेतले. हाकेला ‘जाब’, आय वेवेला ‘नोंद’. हार्टफील्डपुढे ‘टीका’ ठेवली आहे आणि तळटीपेत ज्ञानेश्वरीची ओळ. वार्तिक मात्र हसून नाकारलं.

१९ पैकी २ ‘भाष्य’ उरलेत. एक खुद्द भाष्याची व्याख्या सांगताना आलाय. दुसरा प्रायोजकांच्या मनोगतात आहे, तिथे आम्हाला हात लावता येत नाही.