आयर्लंड : मॅच जिंकून दिलेल्या माणसाला पक्षाने थेट तिकीट द्यावं का?

टोल्काकाठचा
मी डब्लिनमध्ये क्रोक पार्क स्टेडियमपासून चालत पंधरा मिनिटांवर राहतो. 24 ऑक्टोबर 2025 ला राष्ट्राध्यक्षपदासाठी मत द्यायला गेलो, इथला नागरिक झाल्यावरचं माझं पहिलंच, आणि मतपत्रिकेवर तीन नावं, त्यातला एक माणूस एकोणीस दिवस आधीच माघार घेऊन घरी गेलेला. जिम गॅविन. अर्जाची मुदत संपली होती म्हणून नाव छापलेलंच राहिलं, आणि तरी त्याला लाखाच्या वर मतं पडली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गॅविन म्हणजे डब्लिनच्या गेलिक फुटबॉल (इथला देशी फुटबॉल) टीमचा मॅनेजर, 2013 ते 2019 मध्ये सहा ऑल-आयर्लंड म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदं, त्यातली शेवटच्या पाच सलग. त्याआधी एअर कोअर म्हणजे हवाई दलात वैमानिक. साधा नगरसेवकसुद्धा कधी नव्हता. फियाना फॉल पक्षाने 1997 नंतर पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षपदाला स्वतःचा उमेदवार दिला तो हा, पक्षनेते मिहॉल मार्टिन यांनी त्याच्या मागे सगळं वजन टाकलं, पक्षातल्या मतदानात युरोपियन खासदार बिली केलहरना 41-29 ने मागे टाकलं. मग टीव्हीवरच्या चर्चेत बिचारा अडखळायला लागला, आणि 2009 च्या भाडेकरूने चुकून जास्तीचे भरलेले 3,300 युरो परत केले नव्हते ते बाहेर आलं, संपलं.

मला गॅविनचा राग नाहीये, पक्षाचा आहे. आमच्या गल्लीत पोरं निळी जर्सी घालून झोपतात, ते प्रेम वीस-पंचवीस वर्षं मैदानावर घाम गाळून जमलेलं आहे आणि पक्षाने ते एका महिन्यात खर्च करून टाकलं. जॅक लिंच बघा. कॉर्कचा, 1941 ते 46 सलग सहा वर्षं मेडल, पाच हर्लिंगची (काठी-चेंडूचा इथला खेळ) एक फुटबॉलचं. 1946 ला पोटनिवडणुकीसाठी विचारलं तेव्हा राजकारणाचा अनुभव नाही म्हणून नको म्हणाला. 1948 ला फियाना फॉलकडून उभा राहिला, टीशॉक म्हणजे पंतप्रधान झाला 1966 ला. मधे अठरा वर्षं आहेत.

कॉर्कची सून
लिंचचं उदाहरण तुम्ही उलटं वाचताय असं मला वाटतं. तो पायऱ्या चढला ते निवडून आल्यावर! 1948 ला कॉर्कने त्याला मत दिलं तेव्हा त्याच्याकडे काय होतं, वकिली आणि मेडलं. शिक्षण, उद्योग, अर्थ ही खाती नंतर आली. म्हणजे खेळाडूला तिकीट द्यायलाच नको असा नियम तेव्हा असता तर लिंच झालाच नसता. मी रोज ऑफिसला जाताना त्याच्या नावाच्या बोगद्यातून ली नदीखालून जाते आणि माझे सासरे, कट्टर फिने गेलवाले म्हणजे त्याच्या विरोधी पक्षाचे, अजूनही त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. हा आदर 1977 च्या निवडणुकीत जिंकलेल्या 84 जागांमुळे नाहीये, हर्लिंगमुळे आहे.

दुसरं, अनुभव नाही म्हणून खेळाडूला अडवायचं आणि खासदाराच्या मुलाला बापाच्या जागेवर बसवायचं, हे मला पटत नाही. डिक स्प्रिंग घ्या, केरी काउंटीकडून फुटबॉल खेळला, 1979 मध्ये आयर्लंडकडून रग्बी खेळला, 1981 ला लेबर पक्षाचा खासदार. पण ती जागा त्याच्या वडिलांची, डॅन स्प्रिंगची, 1943 पासून. आणि डॅन स्प्रिंग स्वतः 1940 च्या केरी टीमचा कॅप्टन! आता सांगा मतं फुटबॉलला की आडनावाला?

हर्ली आणि विटी
आपल्याकडचा क्रिकेटर खासदार डोळ्यासमोर ठेवून कोणी लिहू नका प्लीज, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जीएए म्हणजे गेलिक खेळांची संघटना, तिचे खेळाडू पगार घेत नाहीत. रविवारी क्रोक पार्कात ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी शाळेत पीटी शिकवतो नाहीतर बँकेत काउंटरवर बसतो, आणि संध्याकाळी पॅरिशच्या क्लबवर लहान पोरांना शिकवतो. जिमी डीनिहान केरीचा, पाच ऑल-आयर्लंड मेडल, 1981 चा कॅप्टन, पेशाने शिक्षक. आधी 1983 ला सिनेटमध्ये नेमला गेला, मग 1987 पासून 2016 पर्यंत डॉलमध्ये म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, मंत्रीही झाला. एकोणतीस वर्षं लोक फक्त जुन्या कॅचसाठी निवडून देतात का? तो माणूस त्यांना घरचा वाटत होता म्हणून.

आणि त्याच 1987 च्या निवडणुकीत त्याच केरी नॉर्थमध्ये डिक स्प्रिंग लेबरचा नेता असून फक्त 4 मतांनी वाचला. चार! रग्बी, फुटबॉल, आडनाव, पक्षाचं नेतेपद सगळं असून. आयरिश मतदार वेडा नाहीये.

टोल्काकाठचा
शिक्षक, क्लब, गाव सगळं मान्य. पण डीनिहान केरीत केरीच्या लोकांसमोर उभा होता, तिथे त्याला सगळे ओळखतात, खोटं बोलला तर दुसऱ्या दिवशी दुकानात तोंड दाखवायची पंचाईत. गॅविनला अख्ख्या देशासमोर उभा केला, आणि टायरोन-मेयो-केरीवाल्यांना डब्लिनचा मॅनेजर म्हणजे आपल्याला फायनलला रडवणारा माणूस! हे पक्षाच्या लक्षात कसं आलं नाही?

मेयोचं पोर
मेयोवाला म्हणून हात वर करतो, 2016 आणि 2017 दोन्ही फायनल त्याच्याच टीमसमोर एकेका पॉइंटने गेल्या :( तरी मी सांगतो, मला त्याचा राग नव्हता, आदरच होता. मतं गेली ती उत्तरं देता आली नाहीत म्हणून.

आणि मेडल लागतंच असं नाही. आमचा अ‍ॅलन डिलन, एकही ऑल-आयर्लंड नाही कारण मेयोनेच 1951 नंतर जिंकलेलं नाही, तरी 2020 ला फिने गेलकडून निवडून आला. आणि त्या 1950-51 च्या टीमचा कॅप्टन शॉन फ्लॅनगन 1951 लाच फियाना फॉलचा खासदार झालेला. उलट ग्रॅहम गेरॅटी, मीथचा 1999 चा विजेता कॅप्टन, 2007 ला फिने गेलने निवडणुकीच्या तोंडावर घेतला, पडला. इथे मत देताना 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहायचे असतात, त्यामुळे आवडत्या खेळाडूला लोक प्रेमाने 3 किंवा 4 देतात पण 1 नंबर ज्याने आपलं काम केलंय त्यालाच. बाहेरून बघणाऱ्याला हे कळत नाही, नाव मोठं म्हणजे जागा पक्की असं वाटतं.

लगान नदी
मी बेलफास्टला, यूकेतल्या उत्तर आयर्लंडमध्ये आहे, इकडची बाजू कोणी मांडलीच नाही. जीएएच्या नियमात स्पष्ट आहे की संघटना पक्षीय राजकारणापासून दूर राहणार. दक्षिणेत हा कागदावरचा नियम वाटत असेल, उत्तरेत हर्ली म्हणजे हर्लिंगची काठी हातात घेऊन बसमध्ये चढलात तरी लोकांना तुमचा धर्म आणि तुमचा पक्ष कळतो, किंवा कळला असं त्यांना वाटतं. तिथे क्लब हीच एक जागा असते जिथे एसडीएलपीवाला आणि शिन फेनवाला, दोन प्रतिस्पर्धी पक्षांचे लोक, एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसतात. एक जण उमेदवार झाला की त्या खोलीत बोलणं बदलतं.

जस्टिन मॅकनल्टीचं घ्या. 2002 ला आर्मा पहिल्यांदा ऑल-आयर्लंड जिंकलं त्या टीममधला, 2016 पासून एसडीएलपीचा आमदार. 3 फेब्रुवारी 2024, दोन वर्षं बंद पडलेली स्टॉरमॉन्ट विधानसभा ज्या दिवशी परत सुरू झाली त्या दिवशी हा अर्ध्यात उठून गेला कारण तो दक्षिणेतल्या लीश काउंटीच्या फुटबॉल टीमचा मॅनेजर होता आणि वेक्सफर्डशी मॅच होती. पक्षाने व्हिप काढून घेतला, म्हणजे विधानसभेतल्या पक्षाच्या गटातून बाहेर काढलं. माझ्या ओळखीतले निम्मे लोक म्हणाले शब्द दिला होता टीमला, बरोबर केलं. मला ते अजिबात पटलं नाही. हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्टवर वर्षानुवर्षं असलेल्या माणसाने त्या दिवशी टीव्ही लावला होता. दोन्ही जर्सी एका वेळी घालता येत नाहीत, एक खुंटीला टांगायलाच लागते.

कॉर्कची सून
मॅकनल्टीबद्दल पूर्ण सहमत. पण त्यावरून सगळ्यांना दाराबाहेर का ठेवायचं? शॉन केली बघा, तो मोठा खेळाडू म्हणून नाही तर जीएएचा अध्यक्ष म्हणून गाजला. 2005 ला त्याच्या काळात क्रोक पार्क रग्बी आणि सॉकरला उघडायचा ठराव झाला, केवढा विरोध होता, गावोगाव फिरून लोकांना समजावलं. 2009 पासून सलग चार वेळा युरोपियन संसदेत निवडून गेलाय. बत्तीस काउंट्यांची भांडणं मिटवणं याहून मोठं राजकारणाचं ट्रेनिंग कुठलं?
आणि 2024 ला नीना कार्बेरी, जॉकी, 2011 ची आयरिश ग्रँड नॅशनल जिंकलेली, तीही युरोपियन संसदेत गेली. ती तर पहिल्याच निवडणुकीत. तिचं काम बघून बोलूया, घोडा बघून नको.

टोल्काकाठचा
केलीचं उदाहरण चांगलं आहे, मी त्याचा विचार केला नव्हता. संघटना चालवलेली आहे, ठराव पास करून घेतलाय, शिव्या खाल्ल्यात. माझं म्हणणं तिथेच येतं खरं तर. मॅनेजरला टीममध्ये कोणी उलट विचारत नाही, तो सांगेल ती टीम उतरते, पत्रकारांना दोन वाक्यं दिली की झालं. गॅविन तर त्यात फारच मितभाषी होता, तोच त्याचा गुण होता. अशा माणसाला थेट टीव्हीवर प्रश्नांच्या मध्ये ढकललं. आधी एकदा नगरपालिकेची निवडणूक लढवू दिली असती तर ते 3,300 युरो तेव्हाच बाहेर आले असते, परत दिले असते, माफी मागितली असती, माणूस वाचला असता.

हर्ली आणि विटी
हे पटलं. आणि नगरपालिकेत तर आपल्यालाही मत असतं, वर्क परमिटवर असलात तरी, नागरिकत्व लागत नाही. मी 2024 ला दिलंय. आमच्या भागात क्लबच्या ज्युनियर टीमचा एक कोच उभा होता, दारावर आला तेव्हा मी फुटपाथबद्दल विचारलं तर त्याच्याकडे उत्तर होतं, मैदानाच्या दिव्यांबद्दल विचारलं तर म्हणाला तो क्लबचा विषय आहे, प्रचारात आणणार नाही. त्याला मी 1 दिला.