आजोबांच्या चाकूची मूठ: सांबरशिंग, हाड की सेल्युलॉइड? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही देवगड तालुक्यातले. आजोबा तरुणपणी बोटीवर खलाशी होते. तेव्हा कुठल्याशा बंदरात घेतलेला दोन पात्यांचा मिटणारा चाकू शेवटपर्यंत त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. आता तो माझ्याकडे आहे आणि त्याच्या मुठीबद्दल जाणकारांचं मार्गदर्शन हवंय.

मिटल्यावर चाकू चार बोटांएवढा. मोठ्या पात्याच्या बुडाशी 'शेफील्ड' (इंग्लंडमधलं चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध शहर) एवढंच वाचता येतं, त्यावरचं नाव पार झिजलंय. पातं ओल्या काजूच्या चिकाने काळं पडलंय. मार्चमध्ये काजूगर सोलायला, मे महिन्यात झाडाखाली बसून आंबा कापायला, सुंभ तोडायला, माझ्या पेन्सिलीला टोक काढायला, सगळ्याला हाच एक चाकू.

मूठ मात्र बघत राहावं अशी आहे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तपकिरी, खडबडीत, झाडाच्या सालीसारख्या उभ्या रेघांच्या. अंगठा टेकतो तिथे खडबडीतपणा पूर्ण गेलाय आणि आतून पिवळसर, गुळगुळीत अंग वर आलंय. माझा अंगठा त्या खोलगट जागेत ठेवला की बरोबर बसतो. ती जागा आजोबांच्या हाताने घडवलेली आहे, म्हणून ही मूठ मला तशीच राखायची आहे.

या पावसाळ्यात उजवी पट्टी एका टोकाला नखभर उचलली गेली. पितळी खिळ्यांभोवती हिरवं, चिकट काहीतरी जमलंय. बाजारात दुरुस्तीवाल्याला दाखवला तर म्हणाला, "दोन्ही पट्ट्या काढून फायबरच्या नव्या बसवतो, अर्ध्या तासाचं काम." मी चाकू उचलला आणि घरी आलो.

घरात दोन मतं आहेत. आई म्हणते हे सांबरशिंगच. आजीच्या बटव्यात सांबरशिंगाचा तुकडा असायचा, छातीत दुखलं की सहाणेवर उगाळून लेप लावायची. त्याचं अंग असंच होतं म्हणे. काका म्हणतात हे गुराचं हाड, वर नुसत्या खाचा पाडल्यात. सुई तापवून टोच, वासावरून कळेल. मी जे वाचलं त्यात दोघांनाही आधार सापडतो. शेफील्डचे कारागीर आपल्याकडच्या सांबराची शिंगं मुठींसाठी मागवत, आणि तशीच दिसावी म्हणून हाडावर खाचा पाडून ते रंगवतही. हे खरोखर सांबरशिंग असेल तर ते इथून बोटीने विलायतेला गेलं आणि आजोबांच्या खिशातून परत आलं. हा विचार काही डोक्यातून जात नाही.

तर मुठीला इजा न करता हे ओळखायचं कसं? उचललेली पट्टी आणखी सुटू नये म्हणून आत्ता काय करू? दर पावसाळ्यात मी नेमाने खोबरेल लावतो, ते चालू ठेवू का?

प्रतिसाद

दादा, आधी ती तापलेली सुई बाजूला ठेवा. पट्ट्या सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लॅस्टिकच्या, निघाल्या तर पेट घेतील. शिंगासारखं दिसणारं सेल्युलॉइडही मुठींना भरपूर वापरलं गेलंय. अंगठ्याने मूठ जोरात घासा, गरम झाली की लगेच हुंगा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते कापूर घालूनच बनतं. तसं निघालं तर हा चाकू इतर चाकूंपासून लांब ठेवा, जुनं सेल्युलॉइड कुजताना जी वाफ सोडतं तिने शेजारची पातीही गंजतात.

वास नाही आला तर भिंग घ्या. हाडावरच्या खाचा हत्याराच्या असतात, त्यामुळे एकसारख्या दिसतात आणि झिजलेल्या भागात बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसतात. सांबरशिंगाच्या रेघा वेड्यावाकड्या, कुठे खोल कुठे उथळ. पट्टी उचलली गेलीय तिथे आतली बाजू बघा, शिंगाचा गाभा स्पंजासारखा सच्छिद्र असतो. आपण दोन्हीला शिंगच म्हणतो, पण म्हशीचं शिंग म्हणजे नखाच्याच जातीचा पदार्थ, आणि सांबराचं शिंग हे हाडच, दरवर्षी गळून नवं येणारं.

प्रतिसाद

खोबरेल आजपासून बंद. तेल खवट झालं की त्यातली आम्लं पितळेतल्या तांब्याला खातात, तुमचा हिरवा चिकटा बहुधा तोच. लाकडी काडीने अलगद खरवडून काढा. पात्याला आणि सांध्याला शिलाई मशीनचं तेल थेंबभर, मुठीला फक्त कोरडं फडकं आणि वर मेणाचा पातळ हात. उन्हात मुळीच वाळवू नका, तडा जाईल. पट्टी चिकटवायचीही घाई नको.

आणि सांबरशिंग निघालं तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. विकायचा किंवा कुणाला द्यायचा विचारही करू नका, आधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात विचारा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. इतकी वर्षं माया म्हणून खोबरेल लावत होतो, त्यानेच खिळे खाल्ले हे वाचून वाईट वाटलं. कापराचा वास अजिबात नाही. उचललेल्या टोकाखाली मोबाइलचा टॉर्च धरून भिंगातून बघितलं, आत बारीक बारीक भोकं आहेत, पावासारखी. आईला दाखवलं तर तिने चाकू हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

विकायचा प्रश्नच नाही, वनखात्याकडे सोमवारी जाऊन येतो. सावंतवाडी, कुडाळ किंवा रत्नागिरीकडे जुन्या पट्ट्या न बदलता फक्त पितळी खिळा नवा ठोकून देणारा कारागीर कुणाच्या पाहण्यात आहे का? एक दिवस मोडून यायची तयारी आहे, फक्त काम माझ्यासमोर करायला हवं.