विहिरीतल्या पाणकिड्यांचे मॅक्रो (अगदी जवळून काढलेले) फोटो: कोणत्या मिररलेसचा ऑटोफोकस टिकेल? मदत हवी आहे

चतुर

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. उत्तर सोलापूर तालुक्यात मामांच्या शेतात काळ्या दगडात बांधलेली जुनी विहीर आहे. लहानपणी पाठीला डबा बांधून मी तिथंच पोहायला शिकले. गेली तीन वर्षं हिवाळ्यात पाणी निवळलं की त्याच विहिरीत कॅमेरा घेऊन उतरते. पाण्याखाली गेलेल्या पायरीवर बसायचं, तोंडात स्नॉर्कल, आणि समोर दगडाच्या सांदीत चतुराच्या अळ्या, जलविंचू, काडीसारखा लांबट रॅनाट्रा. (उतरण्याआधी मोटारीची वीज बंद करतो आणि मामेभाऊ काठावर दोर घेऊन बसतो. एकटी कधीच उतरत नाही.)

चतुराच्या अळीचा खालचा ओठ डोक्याखाली घडी घालून ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो झटक्यात पुढे येतो आणि टोकाच्या चिमट्यात ते पकडतो. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. मुलांना ते खऱ्या फोटोत दाखवायचं, एवढंच माझं वेड आहे.

अडचण फोकसची. कॅमेरा जुना, एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण चूक माझीही असू शकते. एफ/१६ (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक), १/२००, आयएसओ २००, एक स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) आणि हाउसिंगवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीवर, छोटी टॉर्च. अळीच्या डोळ्यावर फोकसचा पॉइंट ठेवला की लेन्स पुढे-मागे चाचपडत बसते. मधूनच पाण्यात तरंगणारा कण पकडते. मागच्या जानेवारीत एका अळीने माझ्यासमोर डासाची अळी पकडून खाल्ली, आणि लेन्स तेवढ्यात मागच्या शेवाळावर जाऊन परत येत होती. वर आल्यावर अक्षरशः रडू आलं.

आता नवीन संच घ्यायचा विचार आहे. बॉडी, लेन्स, हाउसिंग, पोर्ट (हाउसिंगची लेन्ससमोरची काच) सगळं धरून साडेचार लाखांच्या पुढे जाता येणार नाही, त्यामुळे निकॉन झेड८ बाद. डोळ्यासमोर तीन जोड्या आहेत: ओएम-१ आणि ६० एमएम मॅक्रो, कॅनन आर७ आणि आरएफ १०० एमएम, सोनी ए६७०० आणि ९० एमएम. ए६७०० मध्ये कीटक ओळखण्याची सोय आहे. ती पाण्यातल्या अळीचा डोळा धरेल का? दुकानात तिन्ही कॅमेरे झटपट फोकस करतात, पण दुकानात ट्यूबलाइट असते, गढूळ पाणी नसतं. प्रत्यक्ष पाण्याखाली वापरलेल्यांनी सांगावं.

दर्यावर्दी

ताई, मी तारकर्लीला डायव्हिंग शिकवतो. मालवणच्या समुद्रातही पाणी बऱ्याचदा गढूळच असतं, त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे. पैसे खर्च करण्याआधी एक करा: सध्याच्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडून ऑटोफोकसचं पान वाचा. काही मिररलेस बॉडींमध्ये एफ/११ च्या पुढे छिद्र बंद केलं की फेज डिटेक्शन (फोकस कुठल्या दिशेला न्यायचा हे लगेच ओळखणारी पद्धत) थांबतं आणि नुसतं कॉन्ट्रास्ट डिटेक्शन (चित्र किती ठसठशीत दिसतं ते बघणारी पद्धत) उरतं. कॉन्ट्रास्टवाल्याला फोकस पुढे आहे की मागे हे आधी कळत नाही. तो लेन्स हलवून बघतो. तुम्ही ज्याला चाचपडणं म्हणता ते हेच असू शकतं.

सगळ्या कंपन्या यात सारख्या नाहीत. निकॉनच्या झेड बॉडी फोकस करताना एफ/५.६ पेक्षा जास्त बंद करत नाहीत, मग तुम्ही एफ/१६ लावा की एफ/२२. म्हणून कॅमेरे तोलताना पॉइंट किती हे नंतर बघा. फोकस करताना सेन्सरला किती उजेड मिळतो, ते आधी विचारा.

दुसरं, एक्स्पोजरचा प्रीव्ह्यू (फोटो किती उजळ येईल ते आधीच स्क्रीनवर दाखवण्याची सोय) बंद ठेवा. तुमच्या सेटिंगला स्ट्रोबशिवाय स्क्रीन काळीकुट्ट दिसणार. टॉर्च स्ट्रोबच्या बाजूला नको, पोर्टच्या वर मध्यभागी बसवा, आणि पांढरी पण मंद ठेवा. लाल उजेडाला प्राणी कमी बिचकतात हे खरं, पण लाल उजेडात काही कॅमेऱ्यांचा फोकस ढेपाळतो. लेन्सला लिमिटर (फोकस ठरावीक अंतरातच शोधायला लावणारं बटण) असेल तर तो जवळच्या टप्प्यावर लावा. सोनीच्या ९० एमएमला ०.२८ ते ०.५ मीटरचा आहे, तो न लावता तिच्याकडून वेगाची अपेक्षा धरू नका. कीटक ओळखण्यावर मी विसंबणार नाही. छोटा ट्रॅकिंग पॉइंट डोळ्यावर ठेवून सतत फोकस, आणि फोकसचं बटण अंगठ्याखाली.

भीमाकाठ

मॅडम, मी जुळे सोलापुरात राहतो, ओएम-१ आणि ६० एमएम वापरतो. दर्यावर्दींनी उजेडाचं सांगितलं, मी रेघांचं सांगतो. बहुतेक मिररलेस सेन्सरवरचे फोकस पिक्सेल डावे-उजवे असे दुभागलेले असतात. त्यांना उभ्या रेघा नीट दिसतात, आडव्या नाहीत. ओएम-१ मध्ये १०५३ पॉइंट आहेत आणि सगळे क्रॉस, म्हणजे दोन्ही दिशांना बघणारे.

घरी तपासा. आडव्या पट्ट्यांची सोलापुरी चादर दोरीवर टाका, खोलीत उजेड कमी करा आणि एका पट्टीच्या कडेवर जवळून फोकस करा. अडखळला तर कॅमेरा ४५ अंश तिरका धरून पुन्हा बघा. लगेच धरला तर कारण कळलं. तुमचा रॅनाट्रा काडीवर आडवा पसरलेला असतो ना? ती आडवी रेघच झाली.

आणखी एक. फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, एफ/१६ ठेवूनही फोकसची खोली (जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो) जेमतेम २ मिमी मिळते. तेवढंच दृश्य मायक्रो फोर थर्ड्सवर (ओएम-१ च्या छोट्या सेन्सरवर) १:२ ला बसतं आणि जवळपास तेवढीच खोली एफ/११ ला मिळते. छोट्या सेन्सरचा हा फायदा पाण्याखाली खरोखर कामाला येतो. माझा कॅमेरा घेऊन रविवारी विहिरीवर येऊ का? हाउसिंग मात्र माझंच वापरू.

चतुर

दोघांचे मनापासून आभार. मॅन्युअलमध्ये ती ओळ सापडली! एफ/११ च्या पुढे फेज डिटेक्शन बंद. तीन वर्षं मी एफ/१६ लावून कॅमेऱ्याला दोष देत होते.

भीमाकाठ दादा रविवारी आले. आधी ओसरीत चादरीवर बघितलं: माझा कॅमेरा आडव्या पट्टीवर अडला, तिरका धरल्यावर बसला. त्यांचा दोन्ही वेळा बसला. मग पाण्यात. एफ/११, टॉर्च पोर्टवर, कॅमेरा थोडा तिरका, एवढ्यावर माझ्याच जुन्या कॅमेऱ्याने जलविंचवाचा डोळा आणि शेपटीची श्वासनळी दोन्ही धरले. स्थिर प्राण्यांना तो पुरेसा आहे. पण अळी सरकायला लागली आणि माझा हात डोलायला लागला की तो सुटतो, आणि तिथे ओएम-१ अळीच्या डोळ्याला चिकटून राहिला. ओठ फेकताना काही मिळाला नाही. त्या झटक्याला कुठलाच ऑटोफोकस पोचणार नाही, डोळ्यावर आधीच बसलेला असला तरच आशा. म्हणून ओएम-१ नक्की करतेय.

एकच विचारायचं राहिलं: ६० एमएमसाठी साधा फ्लॅट पोर्ट घेतला तर पुढे डासाच्या अळ्यांसाठी पाण्यातच वरून क्लोजअप भिंग लावता येईल का?

दर्यावर्दी

येईल ताई. पोर्टच्या तोंडाला ६७ मिमीचे आटे आहेत ना, तेवढं घेताना बघून घ्या. भिंग लावलं की लांबचा फोकस जातो, म्हणून झटकन उघडमीट होणारा बिजागरीचा होल्डर घ्या.