आबाचा हूक, आबाची वही: काय शिकलात ते लिहा

आबा गेला त्याला महिना झाला. पाटण खोऱ्यातला गडी. उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत गेली, निवृत्तीनंतर गावाकडच्या हमालांसाठी झटला. 'मोठ्या मनाचा माणूस' एवढं लिहून थांबू नका. त्यानं दाखवलेलं काम नेमकं लिहा, नव्या पोरांना लागेल.

कऱ्हाडहून
वजन सगळे बघतात, स्लिंगचा (नग उचलायच्या दोराचा) कोन कुणी बघत नाही, ही आबाची कायमची तक्रार. १ टनाचा नग दोन पायांच्या (वरून दोन बाजूंना उतरणाऱ्या दोरांच्या) स्लिंगवर घेतला आणि पायांमधला कोन ६० अंश असला, तर प्रत्येक पायावर साधारण ५८० किलो ताण येतो. ९० ला ७१० किलो. १२० ला प्रत्येक पायावर पुरता १ टन! दोर तोच, नग तोच. आखूड घेतला म्हणून तुटतो. आबा खडूनं जमिनीवर त्रिकोण काढायचा: नगावरच्या दोन टोकांमध्ये जेवढं अंतर, निदान तेवढा लांब एकेक पाय. मग कोन ६० च्या वर जात नाही. नग वीतभर उचलून थांबायचं, तोल बघायचा, मगच वर.

सांगली, मार्केट यार्ड
हळदीची थप्पी आबांनी सांगितली तशीच लावतो. खाली फळ्या, भिंतीपासून माणूस जाईल एवढी जागा. पाच पोत्यांचा थर: तीन शेजारी शेजारी उभी, त्यांच्या टोकाशी दोन आडवी. वरचा थर उलटा फिरवायचा, म्हणजे खालचा सांधा वरच्या पोत्याच्या पोटाखाली दबतो. शिवलेलं तोंड आत. सैल भरलेलं पोतं कडेला नको, थप्पी तिथूनच झुकते. उतरवताना वरून पायऱ्या पाडत यायचं. खालचं ओढलं की थप्पी अंगावर. हूक पोत्याच्या कानात (कोपऱ्याच्या टोकात), पोटात नाही. कागदी पोत्याला हूक नाहीच.

पाटणहून
१९६९ च्या माथाडी कायद्यावर आबाचा जीव. त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. पण सभेत घोषणांपेक्षा तो वहीवर जास्त बोलायचा: तारीख, गाडी नंबर, नग, दर, टोळीत किती जण. मालकानं मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची ठरलेली जादा रक्कम) माथाडी मंडळात भरायची. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा. मजुरी परस्पर रोख घेतली, की मंडळाच्या लेखी त्या दिवशी काम झालंच नाही. पुढं निधीचा हिशेब कमी निघतो आणि दाखवायला कागद नसतो. म्हणून दर शनिवारी मुकादमाच्या वहीशी ताळा.

साताऱ्याहून
वही घरच्यांनी आमच्याकडे दिली आहे. शेवटच्या पानावर दोन टोळ्यांचा ताळा अर्धवट आहे. तारखा, गाडी नंबर, नग सगळं लिहिलंय. दराचा रकाना कोरा आहे. त्या दिवसांच्या पावत्या कुणाकडे असतील तर घेऊन या.